ल्यूटला तांत की नायलॉन? या चुका टाळा

मुंबईत ल्यूट, व्हिवेला किंवा बरोक गिटार ही युरोपातली जुनी तंतुवाद्यं वाजवणारे आहेत मूठभर, पण चुका सगळ्यांच्या त्याच त्या.

सगळ्यांत महागात पडते ती जाडीची उसनवारी. तारेची लांबी साधारण ६० सेंटिमीटर असलेल्या ल्यूटवर पहिली तार ०.४२ मिलिमीटरच्या तांतीची, म्हणजे आतड्यापासून केलेली, लावली, की वरच्या जी (पाश्चात्य G) सुराला सुमारे ४ किलो ताण येतो. हा आकडा तांतीचा. नायलॉन तिच्याहून हलकं, त्याला तेवढ्याच ताणासाठी ०.४६ लागतं. फ्लुओरोकार्बन जड, त्याचं ०.३६ मध्ये भागतं. नायलगट ही कृत्रिम तार, मुद्दाम तांतीच्या घनतेची केलेली असल्यामुळे तिथे तांतीचा आकडा जवळपास तसाच चालतो.

पार्ल्याच्या एका मुलाला एवढं वाचायचाही धीर नव्हता. जाडीचा तक्ता तांतीचा घेतला आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून तक्त्यातल्याच जाड्यांची कार्बनची, म्हणजे फ्लुओरोकार्बनची, दोरी आणली. गळाची दोरी वापरायला माझी हरकत नाही, स्वस्त आणि चांगली असते. पण ल्यूटच्या तारा जोडीजोडीने असतात, आणि याने वरच्या चारही जोड्यांवर तीच चढवली आणि त्या तारांचा ताण एकतृतीयांशाहून जास्त वाढला. ल्यूटचा ब्रिज, म्हणजे तारा बांधायची पट्टी, पुढच्या पातळ लाकडी तबलीवर नुसत्या सरसाने चिकटवलेला असतो, आणि जुलैतल्या दमट हवेत सरस ढिला पडतो. मध्यरात्री मोठा आवाज झाला, ब्रिज पलंगाखाली सापडला. सकाळी पोरगा माझ्याकडे आला तो खिशात सुपरग्लूची ट्यूब घेऊनच. नशीब, अजून उघडली नव्हती! सरसाचा जोड स्वच्छ सुटतो आणि पुन्हा बसतो. सुपरग्लू लावलं की पुढच्या कारागिराला लाकूडच खरवडावं लागतं. ब्रिज मी बसवून दिला, तारा मात्र दिल्या नाहीत. ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, तेव्हा हिशेब कागदावर करून आण, मग बघू, असं सांगितलं.

दुसरी चूक ऐन पावसाळ्यात तांत चढवण्याची. युरोपातल्या वादकांचा आवाज ऐकून मोह होतो, कबूल. पण ६० सेंटिमीटरवर जी म्हणजे तांत तशीही तुटण्याच्या काठावर असते, त्यात एसीतून बाहेर आणि बाहेरून एसीत. माझा शिरस्ता असा: पहिली तार बारा महिने नायलगट, मधल्या जोड्यांना तांत दिवाळीनंतर होळीपर्यंत. सारंगीवाले वर्षभर तांत सांभाळतात हे खरं, पण त्यांच्या तारा बऱ्याच जाड असतात आणि हात मुरलेले. ज्याला धड सूर लावता येत नाही त्याने पहिल्या वर्षी तांतीच्या वाटेला जाऊच नये.

बाकीचं थोडक्यात. नखं वाढवून तांत वाजवू नका. तांतीचा केसासारखा तंतू सुटला तर ओढू नका, नेलकटरने कापा. नायलगट सुरुवातीला खूप ताणलं जातं. खुंटी एका बैठकीत पिळू नका, दोन-चार दिवस थांबा. कार्बन ब्रिजवर घसरतं, एक वेढा जास्त द्या. तांत मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याची असते, घरात चालते का ते आधी विचारून घ्या.

दांडीभोवती बांधायचे पडदे मात्र तांतीचेच बांधा, नायलॉनचे घसरतात. खर्जाला धातू गुंडाळलेल्या तारा असतील तर त्या पडदे कापतात, म्हणून पडद्यांची तांत घेताना मीटरभर जास्तच घ्या.