बाथरूमच्या भिंतीत कोनाडा काढताय? या चुका टाळा

शाम्पू, साबण, घासणी ठेवायला भिंतीतच कोनाडा केला की गंजक्या रॅकची कटकट संपते. काम वरवर किरकोळ वाटतं. ते बिघडतं मात्र टाइल लावताना नाही, त्याच्या कितीतरी आधी: भिंत न ओळखता छिन्नी लावली जाते तिथे.

भिंत कशाची आहे ते न बघणं

६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल आली तर वीट. पांढरट, हलकी भुकटी आणि ड्रिल सरसर आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक. ड्रिल अडतंय, भुकटी करडी आहे, मध्येच खडी लागतेय, तर ते काँक्रीट, तिथेच थांबा. मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे भिंती-स्लॅब साच्यात एकत्र ओतलेल्या इमारतींत बाथरूमच्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या (सळईच्या काँक्रीटच्या) असतात. तिथे सळई कापायची नाही, ‘थोडंसंच खरवडतो’ हेही नाही. त्याऐवजी भिंतीसमोर ४ इंची ब्लॉकचा साधारण ४ फूट उंच कट्टा घ्या. त्याचा माथा हेच शेल्फ. खरं तर दिसायलाही तो बरा दिसतो.

९ इंची विटेच्या भिंतीत पुढची अर्धी वीट काढली तरी मागची अर्धी शाबूत राहते, काम निश्चिंत. अडचण आहे ती साडेचार इंची भिंतीची. गिलाव्यासकट ती जेमतेम साडेपाच इंच भरते. त्यात ३ इंच खोदलं की मागे उरलेली विटेची कपची हातोड्याच्या हादऱ्यानेच सुटते आणि पलीकडच्या बेडरूमचा गिलावा फुगतो. इथे अर्धवट खोदण्यापेक्षा तेवढ्या विटा आरपार काढा, मागे २० मिमीचा कडाप्पा सिमेंटमध्ये बसवा आणि पलीकडून जाळी मारून गिलावा करा. तयार खोली सुमारे साडेतीन इंच मिळते. बाटल्यांना तेवढी पुरते. पलीकडे शेजाऱ्याचं घर किंवा इमारतीची बाहेरची बाजू असेल तर ती भिंत सोडून द्या. सोसायटीची लेखी परवानगी तोडफोडीआधी घ्यायची, नंतर नाही.

पाइपच्या रेषेत खोदणं

मिक्सरपासून शॉवरकडे आणि गिझरकडे पाइप सहसा सरळ उभे जातात, गरम-थंड पॉइंटच्या मध्ये आडवे. प्रत्येक पॉइंटच्या उभ्या रेषेपासून दोन्हीकडे ६ इंच जागा सोडा. शॉवरच्या थेट माऱ्यात कोनाडा नको, बाजूच्या भिंतीवर घ्या. उभ्याने अंघोळ असेल तर तळ जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर; स्टुलावर बसून बादली-तांब्या असेल तर दोन-अडीच फुटांवर.

‘फूटभराचं तर भोक, वर आधार कशाला?’

वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते ती याच हिशेबामुळे. आधी फक्त वरची आडवी खाच कापा, त्यात कडाप्प्याची पट्टी दोन्ही बाजूंना ४-४ इंच भिंतीत जाईल अशी बसवा, मसाला घट्ट झाल्यावर खालच्या विटा काढा. कडा ग्राइंडरने २५ मिमी खोल आखून घ्या आणि मग छिन्नी चालवा. नुसत्या घणाने फोडलेल्या भोकाला सरळ कड कधीच येत नाही.

तयार माप आणि खोदायचं माप एकच धरणं

गिलावा १२ मिमी, चिकट मसाला ४-५ मिमी, टाइल ८-९ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण इंचभर जातो. तयार १२ × १२ इंच हवा असेल तर १४ × १४ काढा. खोदण्याआधी टाइलचे सांधे भिंतीवर आखा. कोनाड्याची कड सांध्यावर आली तर चिंचोळ्या पट्ट्या कापाव्या लागत नाहीत. मधलं शेल्फ हवं असेल तर ते बाजूच्या टाइलआधी दोन्हीकडे १०-१२ मिमी आत रुतवायचं. नंतर सिलिकॉनने चिकटवलेलं शेल्फ भरल्या बाटल्यांसकट खाली येतं.

ढाळ आणि वॉटरप्रूफिंग

तळाला बाहेरच्या बाजूला २-३ मिमी ढाळ पुरतो, पण तो हवाच. लेव्हलमध्ये ‘परफेक्ट’ बसवलेल्या तळावर पाणी साचतं आणि साबणाचा काळा थर धरतो. तळाला टाइलचे तुकडे लावू नका, अखंड ग्रॅनाइट घ्या. वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्या, आतल्या सगळ्या कोनांत फायबरची जाळी दाबा आणि लेप कोनाड्याबाहेर ६ इंचांपर्यंत आणा. नवा गिलावा ७ दिवस पाणी मारून मुरल्याशिवाय लेप नको. आतल्या कोपऱ्यांत ग्राउट भरू नका, ते चिरतं. तिथे न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला डाग पाडतं.

काम झाल्यावर बिघडलं तर

पलीकडच्या भिंतीला ओल आली की लगेच फोडायला घेऊ नका. कोनाड्यावर प्लास्टिक चिकटवून कडा टेपने बंद करा आणि अंघोळ नेहमीसारखी चालू ठेवा. आठवड्याभरात ओल मागे हटली तर गळती कोनाड्यातून आहे: जुनं सिलिकॉन आणि सांधे खरवडा, वाळू द्या, इपॉक्सी ग्राउट आणि नवं सिलिकॉन भरा. ओल तशीच राहिली किंवा वाढली तर पुढचा संशय पाइपवर. मग कोनाडा न छेडता प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. नुसता ढाळच चुकला असेल तर तोडफोड नको. तळावर १२ मिमीची दुसरी ग्रॅनाइट पट्टी मागून किंचित उचलून चिकटवली की भागतं.