घर रिकामे केले, पण बांधकाम सुरू नाही : पुनर्विकासातील मधला काळ कसा हाताळावा

मुंबईत जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला की 'छत्तीस महिन्यांत ताबा' हे करारातील शब्द सर्वांच्या तोंडी होतात. हे छत्तीस महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे, हे मात्र फार थोडे सभासद वाचतात. बहुतेक करारांत ही मोजणी महापालिकेच्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापासून, म्हणजे ज्याला सगळे सीसी म्हणतात त्या कागदापासून, सुरू होते. आपण घराची किल्ली मात्र त्याच्या कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आधी बिल्डरच्या हाती दिलेली असते. या मधल्या काळाची नोंद करारात कुठेच नसते आणि भाड्याच्या घरातले पहिले दिवस नेमके याच काळात जातात.

आमची उपनगरातील बावीस घरांची सोसायटी अशाच काळातून गेली. इमारत पावसाळ्याआधी पाडली गेली आणि दिवाळी उलटली तरी पत्र्यांच्या आत गवताशिवाय काही उगवले नव्हते. त्या दिवसांत कमिटीचे काम करताना जे उशिरा कळले, ते इथे लिहीत आहे. ज्यांचा करार अजून व्हायचा आहे, त्यांना याचा अधिक उपयोग होईल.

आपण कोणत्या कागदासाठी थांबलो आहोत?

'काम कधी सुरू होणार?' या प्रश्नाला 'लवकरच' हेच उत्तर मिळते. म्हणून विचारायचे ते 'आता कोणता कागद बाकी आहे आणि तो कोणाच्या टेबलावर आहे?' असे. त्यासाठी कागदांचा क्रम माहीत असावा लागतो.

पहिला मोठा कागद म्हणजे आयओडी. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली दिल्या जाणाऱ्या या पत्राचे शब्दशः नाव 'नापसंतीची सूचना' असे आहे, आणि तो हाती आला की बिल्डर पेढे वाटतो! नावात तथ्य आहे, कारण आयओडी म्हणजे 'या अटी पूर्ण होईपर्यंत बांधू नका' असे सांगणारी अटींची यादीच असते. साधारणपणे आयओडी मिळाल्यावर सभासद घरे रिकामी करतात, वीज, पाणी आणि गॅसची जोडणी तोडली जाते, इमारत पाडली जाते आणि मग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली सीसी मिळते. हे सीसीही आधी फक्त जोत्यापर्यंतचे, म्हणजे प्लिंथपर्यंतचे असते. जोते मंजूर नकाशाप्रमाणे बांधले आहे, हे तपासून झाल्यावरच वरच्या मजल्यांसाठी ते वाढवून मिळते. सीसीची मुदत एक वर्षाची असते आणि तिचे वेळेवर नूतनीकरण करावे लागते, तेव्हा कागद मिळाला एवढ्यावर समाधान न मानता त्यावरची तारीखही पाहावी.

या क्रमावरून एक गोष्ट ध्यानात येईल. रिकामी जागा आणि सीसी यांच्यामध्ये थोडे अंतर राहणारच, त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. म्हणून 'सीसी आल्याशिवाय घर सोडणार नाही' असा आग्रह बहुधा टिकत नाही. धरायचा आग्रह वेगळा आहे : आयओडीची प्रत, सोसायटी आणि बिल्डर यांच्यातील नोंदणीकृत विकास करार, प्रत्येक सभासदाचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा, म्हणजे नव्या सदनिकेचा, करार, बँक हमी (बिल्डरने शब्द मोडल्यास सोसायटीला पैसे देण्याचे बँकेचे लेखी आश्वासन) आणि बिल्डरने द्यायच्या भाड्याचे धनादेश हे सगळे हातात आल्यावरच किल्ली द्यावी. शिवाय करारात सीसीपासूनच्या मुदतीबरोबर घर रिकामे केल्याच्या दिनांकापासून मोजलेली आणखी एक बाह्य, म्हणजे कमाल, मुदत लिहून घ्यावी. आमच्या करारात ती नव्हती आणि 'मुदत अजून सुरूच झालेली नाही' हे वाक्य आम्ही सहा महिने ऐकत राहिलो.

आयओडीनंतर कागद अडकतो तो बहुधा ठरावीक जागी. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी लागते आणि तिथे दोन मजले कमी झाले तरी बिल्डरचे गणित बिघडते. आवारातील झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाची संमती लागते. समुद्रकिनारा किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा, प्रश्न येतो, आणि एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे जात असेल तर पर्यावरण मंजुरी लागते.

मात्र माझ्या अनुभवात खरे कारण बहुतेक वेळा पैसा हे असते. जादा चटईक्षेत्र, फंजिबल क्षेत्र (मूळ चटईक्षेत्रावर शुल्क भरून मिळणारे वाढीव बांधकाम), मोकळ्या जागेतील कमतरता अशा अनेक बाबींसाठी बिल्डरला प्रीमियम, म्हणजे अधिमूल्य, भरावा लागतो आणि तो भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या वर्षअखेरपर्यंत या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली, तेव्हा वर्षानुवर्षे पडून असलेल्या कित्येक फायली एकाएकी हलल्या. त्यामुळे 'महापालिकेत अडकले आहे' असे उत्तर मिळाले, तर प्रीमियमची मागणी-पत्रे आणि भरणा केल्याच्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर फाइल महापालिकेत नव्हे, बिल्डरच्या कार्यालयात अडकलेली आहे.

ही विचारणा तोंडी करू नये. महिन्यातून एकदा सोसायटीच्या लेटरहेडवर, सेक्रेटरीच्या सहीने पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला, म्हणजे सोसायटीने कामावर देखरेखीसाठी नेमलेल्या तज्ज्ञाला, पाठवावी. तरीही उत्तर आले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. ३० दिवसांत माहिती देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. आणखी एक खूण घरबसल्या पाहता येते. विक्रीच्या सदनिकांसाठी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि त्या अर्जासोबत सीसी जोडावे लागते. बिल्डर सीसी आल्याचे सांगत असेल आणि पुढेही कित्येक दिवस प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर दिसत नसेल, तर सीसीची प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

नारळ फुटला, तरी

भूमिपूजन आणि बांधकाम प्रारंभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षय्य तृतीयेचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधून मांडव घातला जातो, स्थानिक नगरसेवक येतात, नारळ फुटतो, सगळे फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी आवारात फक्त रखवालदार उरतो. पूजेला जरूर जावे, आपल्याच जमिनीची पूजा आहे. पण त्या दिवशी सीसीची प्रत मागायला संकोच करू नये.

पावसाचा विचार मात्र बिल्डरच्या बाजूनेही करावा. सीसी मे महिन्यात आले आणि पाऊस दाराशी असताना खोदाई सुरू झाली, तर जोत्यापर्यंत पोहोचण्याआधीच खड्ड्यात पाणी भरते, शेजारच्या इमारतीची कुंपणभिंत खचण्याचा धोका निर्माण होतो आणि साचलेल्या पाण्यात डास झाल्याबद्दल महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते ती वेगळीच. कडेने शोअर पाइल, म्हणजे खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून जमिनीत घातलेले खांब, नसतील, तर अर्धवट खड्ड्यापेक्षा चार महिने न खोदलेली जमीन परवडली. अशा वेळी काम पावसाळ्यानंतर सुरू करण्यास सोसायटीने लेखी संमती द्यावी, पण त्याच पत्रात नवी तारीख घ्यावी आणि त्या काळाचे भाडे चालूच राहील, असे नमूद करावे. माती-परीक्षण पावसाळ्याआधी उरकण्यास काहीच हरकत नसते. खाडीलगतची मऊ चिखलमाती आणि आतल्या भागातील काळा पाषाण यांत पायाचा खर्च फार बदलतो, त्यामुळे बोअर घेतले गेले का आणि अहवाल काय म्हणतो, हे विचारावे.

भाड्याचे घर

एकाच वेळी बावीस कुटुंबे एकाच परिसरात घर शोधू लागली की दलालांना ते दोन दिवसांत कळते आणि भाडी चढतात. शक्य असेल तर आयओडी अपेक्षित असतानाच शोध सुरू करावा. घर एखाद-दोन स्थानके लांब मिळाले तरी चालेल, पण रेल्वेमार्ग बदलू नये असे माझे मत आहे. मुलांची शाळा, आजी-आजोबांचे डॉक्टर आणि नोकरीचा प्रवास हे सगळे त्या मार्गाला बांधलेले असते.

अकरा महिन्यांचा करार करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण आपल्याला तीन वर्षे काढायची आहेत हे माहीत असताना दर वर्षी सामान हलवण्यात शहाणपण नाही. लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे सक्तीची असून ती करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, मात्र मर्यादित ठेवावा.

बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश घेतले असले, तरी ते वटण्याची खात्री नसते. म्हणून घराच्या अंदाजपत्रकात किमान तीन-चार महिन्यांचे भाडे स्वतःच्या खिशातून भरता येईल, एवढी शिल्लक बाजूला ठेवावी. मालकाला द्यावे लागणारे डिपॉझिट, दलाली आणि टेम्पोचा खर्च यांपैकी काय बिल्डर देणार, हे करारातच पाहावे. काही बिल्डर या भाड्यातून कर कापून घेत असत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही रक्कम घर सोडावे लागल्याची भरपाई आहे, आयकर कायद्यातील अर्थाने भाडे नव्हे, म्हणून त्यावर भाड्यासारखी करकपात लागू होत नाही, असा निर्णय दिला आहे. सीसी येण्याआधी जादा जागेसाठी गृहकर्ज उचलू नये आणि नवे फर्निचरही घेऊ नये. भाड्याच्या ओलसर खोलीत दोन पावसाळे काढलेला प्लायवूडचा पलंग नव्या घरात नेण्यासारखा राहत नाही.

रिकाम्या हाती बसू नये

नकाशातील बदल ज्या काळात फुकट होतात, तो काळ हाच. एकदा खांबांच्या जागा आणि शौचालयांच्या पाइपलाइनी निश्चित झाल्या की ओटा फिरवणेही अवघड होते. आपल्या सदनिकेचा नकाशा मोठ्या आकारात छापून घ्यावा, त्यावर कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि देवघर प्रमाणात काढून पाहावे, दरवाजे कोणत्या बाजूला उघडतात ते तपासावे आणि हरकती एकत्रितपणे वास्तुविशारदाला लेखी कळवाव्यात. आमच्या एका सभासदांच्या आईंनी खडूने गच्चीवर स्वयंपाकघर आखून त्यात उभे राहून पाहिले आणि ओट्यासमोर दोन माणसे उभी राहू शकत नाहीत, हे वास्तुविशारदाच्या आधी त्यांनी सांगितले.

क्षेत्रफळाच्या बाबतीत एक सापळा आहे. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात घरातील आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मात्र धरली जात नाही. जुन्या घराचे क्षेत्र भिंतीपासून भिंतीपर्यंतचे आणि नव्याचे रेरा पद्धतीचे अशी तुलना केली, तर प्रत्यक्षात मिळणारी वाढ कागदावरच्या वाढीहून कमी निघते. दोन्ही क्षेत्रे एकाच पद्धतीने मोजून घ्यावीत. इमारत पाडली गेल्यावर जुने घर पुन्हा मोजता येत नाही, तेव्हा किल्ली देण्याआधी मोजमाप आणि छायाचित्रे करून ठेवावीत.

भागप्रमाणपत्र, जुना खरेदी करार, नामांकन आणि वारसांच्या नोंदी आताच तपासून घ्याव्यात. भावंडांतील न मिटलेला वाद ताबा घेण्याच्या दिवशी वर येतो. पर्यायी जागेच्या करारावर जुन्या सभासदाने पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क भरण्याची गरज नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पैसे देऊन घेतलेल्या जादा क्षेत्रावर मात्र ते लागते.

इमारत नसली तरी सोसायटी असते, याचा विसर सर्वांत आधी पडतो. सभासद कल्याणपासून विरारपर्यंत विखुरतात, सभांना कोणी येत नाही आणि बिल्डरला समोर बोलायला एकटा चेअरमन उरतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ती घ्यावी आणि इतिवृत्त लिहावे. सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय कायम ठेवावा, तो म्हणजे बँक हमी संपण्याची तारीख. पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्या रकमेवर घासाघीस होते, पण जी काही हमी मिळाली असेल तिची मुदत संपल्यावर तो कागद निरुपयोगी ठरतो. मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाची लेखी मागणी करावी आणि ते न झाल्यास हमी वटवण्याचा ठराव तयार ठेवावा. काम लांबल्यास कायदेशीर नोटीस पाठवायची ती सोसायटीच्या ठरावाने. सभासदांनी वेगवेगळी पत्रे पाठवली की बिल्डर प्रत्येकाशी वेगळा बोलू लागतो.

महिन्यातून एकदा कोणीतरी जागेवर जाऊन त्याच ठिकाणाहून छायाचित्र काढावे, आवारातील फलकावरील परवानगी क्रमांक आणि दिनांक टिपून घ्यावेत. पायलिंगचे यंत्र आत शिरेल त्या दिवशी फलकावर सीसीचा क्रमांक नसेल, तर पेढे थांबवून आधी कमिटीला फोन करावा. क्रमांक असेल तर सीसीच्या दिनांकात छत्तीस महिने मिळवून येणारी तारीख त्याच दिवशी पत्राने बिल्डरला कळवावी आणि त्याची पोच सोसायटीच्या फाइलमध्ये लावावी.