नीतीचा कायदा तपासावा कसा?

एखादे वर्तन अनैतिक ठरवून कायद्याने बंद करण्याची मागणी पुढे आली की आपण बहुधा आधी बाजू घेतो आणि कारणे मागाहून शोधतो. बडोद्याच्या मराठी माणसाने तरी असे करू नये, कारण सयाजीराव महाराजांचे सुधारणा-कायदे आणि गुजरातची दारूबंदी हे या विषयाचे दोन मोठे दाखले त्याच्या घराजवळचेच आहेत. मंडळात एखाद्या विधेयकावर चर्चा ठेवायची असो वा सरकारकडे हरकत पाठवायची असो, पुढील रीतीने विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रथम मूळ मसुदा मिळवून वाचावा आणि तो कायदा मुभा देतो की सक्ती करतो, हे ठरवावे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने कोणावरही पुनर्विवाह लादला नाही; ज्यांना तो करायचा होता, त्यांच्या वाटेतील अडथळा तेवढा दूर केला. अशा कायद्यासाठी सार्वत्रिक संमतीची अट घालणे म्हणजे परक्याच्या संसाराबाबत नकाराधिकार मागणे होय. सक्तीच्या कायद्याची मात्र कसून तपासणी करावी.

त्यानंतर इजा कोणाला होते आणि त्या व्यक्तीला बोलता येते का, हे पाहावे. येथे घाई करू नये. कलकत्त्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाल्यानंतर १८९१ मध्ये मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधास संमती देण्याचे किमान वय, १० वरून १२ वर्षे करण्यात आले. परकीय सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. कायदा कोण करतो, हा टिळकांचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. तथापि ज्या लोकमताची वाट पाहायची, त्यात त्या दहा वर्षांच्या मुलीचे मत कोणीही मोजणार नव्हते, आणि म्हणूनच माझ्या मते आगरकरांची बाजू न्याय्य होती. जिच्यावर आघात होतो तिला बोलताच येत नसेल, तर कायद्याने लोकमताच्या पुढे जावे. याउलट सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या वर्तनाने कोणालाही इजा होत नसेल आणि केवळ इतरांच्या भावना दुखावत असतील, तर प्रचंड बहुमतही पुरेसे मानू नये. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ संबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामाजिक नैतिकतेपेक्षा संविधानिक नैतिकता, म्हणजे संविधानातील मूल्ये, श्रेष्ठ मानली, ती याच विचाराने.

मग अंमलबजावणीकडे वळावे. बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. तो महाराजांच्या इच्छेने आला, लोकांच्या मागणीने नव्हे. उद्देश निःसंशय योग्य होता, तरी लग्ने होत राहिली आणि दंडही वसूल होत राहिला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग मात्र १८९३ मध्ये आधी अमरेली भागात झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू करण्यात आला. तेथे सक्तीबरोबर शाळाही मिळाली. म्हणून प्रस्तावित कायदा दंडाखेरीज लोकांच्या हाती काय देतो, हे अवश्य विचारावे.

दारूबंदीला हीच कसोटी लावून पाहावी. दारूबंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगणाऱ्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाचा तिला आधार आहे, आणि दारूपायी मार खाणाऱ्या बायकामुलांची इजा खरी आहे. त्यामुळे ही निव्वळ सोवळेपणाची बाब म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु ज्याला डॉक्टरांचे कागद जमवता येतात त्याला हेल्थ परमिट, म्हणजे आरोग्याच्या कारणासाठी दारूचा परवाना, मिळतो, तर मजुराच्या वाट्याला गावठी दारू येते. २००९ च्या अहमदाबादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या दुर्घटनेत, शंभराहून अधिक माणसे दगावली. बंदीचा भार असा एकाच वर्गावर पडत असेल, तर ती उठवावी की सुधारावी, यावर मतभेद असू शकतात, पण तो भार चर्चेत मांडलाच पाहिजे. शक्य असल्यास ज्या घराने हे सोसले आहे, त्या घरातील बाईला आधी बोलू द्यावे आणि वकिलांना नंतर.

शेवटी लेखी मत पाठवावे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा सामान्यतः किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. पत्रात संस्कृतीच्या गौरवाचे परिच्छेद लिहू नयेत. कोणत्या कलमाला हरकत आहे, त्याने कोणाची कोणती हानी होते आणि त्याऐवजी कोणती शब्दरचना हवी, एवढे नेमके लिहावे. सक्ती अटळच असेल, तर ठरावीक मुदतीनंतर कायद्याचा फेरविचार करण्याचे कलम त्यात घालण्याची मागणी करावी.