रोव्हरला दगड निवडायला शिकवताना

मंगळावरच्या क्युरिऑसिटी या नासाच्या रोव्हरला, म्हणजे चाकांच्या संशोधन-गाडीला, 2016 पासून एक मुभा आहे. गाडी नव्या जागी थांबली की एजिस ही संगणक प्रणाली नॅव्हकॅम या वाट पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रातून स्वतःच दगड निवडते आणि केमकॅम हे दगडाची रासायनिक घडण तपासणारं उपकरण त्यावर लेझर मारतं. पृथ्वीवरच्या आज्ञेची वाट पाहत दिवस वाया जात नाही. हाच सांगाडा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ओपनसीव्ही ही चित्रं तपासायची सॉफ्टवेअर लायब्ररी यांवर विद्यार्थ्यांच्या रोव्हरलाही बसतो.

आधी मनाई ठरवा, आवड नंतर. केमकॅमचा पल्ला साधारण 7 मीटर. तुमच्या उपकरणाचा असेल तेवढा धरा, त्यापलीकडचं सगळं बाद. चाकं आणि रोव्हरची स्वतःची सावली मास्कने झाका, म्हणजे चित्राचा तेवढा भाग तपासणीतून वगळा.

मग चित्र करड्या छटेत आणा, 5×5 गॉसियन ब्लरने ते किंचित धूसर करा, कॅनी या कडा शोधणाऱ्या पद्धतीने कडा काढा, आणि फक्त बंद आकार ठेवा. कडा दोन पिक्सेल तुटली तरी दगड हातचा जातो, म्हणून 3×3 चं क्लोजिंग, म्हणजे बारीक फटी बुजवणं, एकदा करा. तीन-चारदा केलंत तर शेजारचे दगड चिकटतात.

सावल्या फार छळतात. आत अंधार आणि पोत सपाट, तर सावली समजून टाकून द्या. मात्र सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवर हाच निकष दगडही फेकतो. तिथे चाचणी भर दुपारीच घ्या.

अंतर एकाच कॅमेऱ्यावरून काढत असाल तर सांभाळून. कॅमेरा 1 मीटर उंच, दगड क्षितिजाखाली 15 अंशांवर, तर सपाट जमीन धरून उत्तर 3.7 मीटर. कॅमेऱ्याच्या पायथ्यापासूनच जमीन 5 अंश चढती असली तर तोच दगड खरा 2.8 मीटरवर असतो. दोन कॅमेरे परवडत असतील तर लावाच.

गुण देताना प्रत्येक निकष 0 ते 1 मध्ये आणा, नाहीतर हजारो पिक्सेलचं क्षेत्रफळ बाकी सगळ्यांना गिळतं. सुरुवातीला भारांक, म्हणजे प्रत्येक निकषाचं वजन, उजळपणा 0.5, आकार 0.3, जवळीक 0.2 ठेवा. पुढचे भारांक भूशास्त्र जाणणाऱ्याने ठरवावेत, प्रोग्रामरने नव्हे. क्युरिऑसिटीतही कसला दगड हवा ते शास्त्रज्ञच आधी कळवतात.

नेम गुरुत्वमध्यावर धरू नका. चंद्रकोरीसारख्या दगडाचा मध्य बाहेर वाळूत पडतो. डिस्टन्स ट्रान्सफॉर्म काढा, म्हणजे दगडातल्या प्रत्येक बिंदूचं जवळच्या कडेपासूनचं अंतर. त्यातला सर्वाधिक मूल्याचा बिंदू कडेपासून सर्वांत आत असतो.

कुठल्याच दगडाला किमान गुण नसतील तर समोरची जमीन मोजा, आणि नापास दगडांचे गुणही चित्रासोबत साठवा. भारांक कुठे चुकले ते त्यातूनच दिसतं.