कॉलेजात नेट चालतं, घरी आलं की बंद: लॅपटॉपमधली प्रॉक्सी कुठं कुठं काढायची

माझा मावसभाऊ अमळनेरहून रोज गाडीने जळगावला कॉलेजला अपडाऊन करतो आणि दर काही दिवसांनी त्याचा फोन ठरलेला, दादा वायफायला पूर्ण कांड्या आहेत पण एक साईट उघडत नाहीये. धुळे, भुसावळ, चाळीसगाव, सगळीकडे अशी पोरं आहेत म्हणून एकदाच लिहून टाकतो, राऊटरवाल्याला बोलवायच्या आधी हे बघा.

लॅबमध्ये नेट लागावं म्हणून तुम्ही एक अ‍ॅड्रेस आणि पोर्ट (त्या अ‍ॅड्रेसचा दार नंबर) टाकलेला असतो, तीच प्रॉक्सी, म्हणजे कॉलेजचं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर. अ‍ॅड्रेस बहुतेक 10 नाहीतर 192.168 ने सुरू होणारा, तो कॉलेजच्या आतच सापडतो आणि घरी आल्यावरही लॅपटॉप त्यालाच शोधत बसतो. ओळखायचं कसं, तर कमांड विंडोत ping 8.8.8.8 टाका (हा गूगलचा सर्व्हर, तिथून उत्तर येतं का ते पिंग बघतं), उत्तर येतंय आणि साईट मात्र उघडत नाही म्हणजे आधी संशय प्रॉक्सीवर, कारण पिंग प्रॉक्सीतून जातच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक वायफायची प्रॉक्सी वेगळी सेव्ह होते म्हणून फोन चालतो आणि लॅपटॉप अडकतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, तिथं मॅन्युअलवालं बंद करा. क्रोम आणि एज हेच वाचतात. फायरफॉक्सचं स्वतःचं वेगळं असतं, त्याला सिस्टीमची प्रॉक्सी वापर असं सांगून ठेवा म्हणजे दोनदा बदलायला नको. मॅकवाल्यांनी नेटवर्क लोकेशन दोन बनवायची, कॉलेज आणि घर.

कोडिंग करणाऱ्यांचं खरं दुखणं पुढे आहे. ब्राउझर चालू होतो पण गिट (कोड सांभाळायचं टूल) पुल होत नाही, एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवायचं टूल) अडकतं, कारण या प्रत्येकाने तोच अ‍ॅड्रेस आपापल्या कॉन्फिगमध्ये लिहून ठेवलेला असतो. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमधली प्रॉक्सी अनसेट करा, एनपीएममध्ये एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही काढा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळे प्रोग्रॅम वाचतात त्या सिस्टीमच्या सेटिंग) HTTP_PROXY नावाचं काही आहे का बघा आणि ते काढल्यावर टर्मिनल बंद करून नवीन उघडा, जुन्या खिडकीत जुनंच राहतं. अँड्रॉइड स्टुडिओत नो प्रॉक्सी केलं तरी बिल्ड अडकत असेल तर यूजर फोल्डरमधल्या .gradle फोल्डरमध्ये (ग्रेडल म्हणजे स्टुडिओचं बिल्ड करणारं टूल) gradle.properties ही फाईल उघडा, प्रॉक्सी होस्ट आणि पोर्टच्या ओळी तिथं राहून जातात, त्या पुसा. सगळे इथंच चुकतात आणि मग अख्खा स्टुडिओ पुन्हा टाकत बसतात, भाऊ तेवढं करू नका.

रोजची काढघाल नको असेल तर कॉलेजच्या नेटवर्कवाल्या सरांना पॅक (PAC) फाईलची लिंक आहे का विचारा. ती सेटअप स्क्रिप्टच्या रकान्यात टाकायची, कुठल्या साईटला प्रॉक्सी आणि कुठल्या साईटला थेट हे ती फाईल ठरवते, आणि घरी लिंक सापडली नाही तर ब्राउझर सहसा थेट जातो. गिट-एनपीएमला मात्र तिचा उपयोग नाही, त्यांचं हातानेच.

आणि प्रॉक्सीला पासवर्ड असेल तर तो गिटच्या कॉन्फिगमध्ये साध्या अक्षरात पडून राहतो, म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर तुमचा टाकला असेल तर निघायच्या आधी काढा. पासवर्डमध्ये @ असेल तर त्या जागी %40 लिहावं लागतं, नाहीतर लॉगिनच होत नाही.