‘काहीतरी चुकले आहे’ : वेब-साधनातील न उलगडणाऱ्या त्रुटीचा माग कसा काढावा

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एखाद्या साधनात अर्ज भरत असताना किंवा फाइल अपलोड करत असताना ‘काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा’ एवढीच ओळ येते, आणि आपण तेच बटण आणखी तीनदा दाबतो. ही सवय सर्वांत आधी मोडावी. बटणाला हात लावण्यापूर्वी पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट काढावा, घड्याळातली वेळ मिनिटासह टिपून ठेवावी आणि भरलेला लांब मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून घ्यावा, कारण पान रिफ्रेश झाले की तो बहुधा जातो.

त्यानंतर त्रुटीचा तीन आकडी क्रमांक शोधावा. तो पडद्यावर नसेल, तर संगणकावर क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ हे बटण दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि तीच कृती एकदा पुन्हा करावी. फसलेल्या विनंतीची ओळ तिथे दिसते आणि तिच्यासमोर ‘स्टेटस’ या रकान्यात क्रमांक असतो. मात्र कृती पैसे भरण्याची असेल, तर ती केवळ क्रमांक पाहण्यासाठी पुन्हा करू नये. क्रमांक ४ ने सुरू होत असेल तर सर्व्हरने, म्हणजे साइट चालवणाऱ्या पलीकडच्या संगणकाने, आपली विनंती नाकारलेली असते. ५ ने सुरू होत असेल तर ती पूर्ण करताना साइटच्या बाजूला बिघाड झालेला असतो. ४०१ म्हणजे लॉगिन संपले, ४०३ म्हणजे त्या कामाची परवानगी नाही, ४१३ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, आणि ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या, म्हणजे बऱ्याचदा आपल्याच अधीर बोटांचे फळ. ५०२ किंवा ५०३ दिसल्यास दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

५०४ मात्र फसवा आहे. पुढच्या सर्व्हरने मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणे सोडून दिले, एवढाच त्याचा अर्थ होतो. मागे काम पूर्ण झालेले असू शकते. म्हणून अशा वेळी आधी नोंदींची यादी आणि बँकेचा हिशेब पाहावा, मगच दुसरा प्रयत्न करावा. एकच रक्कम दोनदा जाण्याचे प्रकार येथेच घडतात.

क्रमांकाने उलगडा झाला नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आधी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी, विंडो उघडावी. तिच्यात जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिन वगैरेच्या खुणा) नसतात आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधने) आपण मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज चालत नाहीत, त्यामुळे तिथे काम झाले तर दोष आपल्या ब्राउझरमध्ये आहे हे कळते. मग फक्त त्या साइटच्या कुकीज पुसाव्यात. सगळ्याच पुसल्या तर सगळीकडे नव्याने लॉगिन करत बसावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत. इन्कॉग्निटोमध्येही त्रुटी येत असल्यास वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाहावे, आणि जाताजाता संगणकाची तारीख तपासावी. जुन्या यंत्रातली घड्याळाची छोटी बॅटरी संपल्यामुळे तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर सुरक्षित साइटचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटते.

एवढे करूनही अडले, तर संशय स्वतःच्या मजकुरावर घ्यावा. आमच्या सोसायटीच्या सभासदांची १८० ओळींची यादी एका हिशेबाच्या साधनात अपलोड करताना दरवेळी ५०० हा क्रमांक येत होता. शेवटी यादी अर्धी केली. पहिल्या ९० ओळी बिनबोभाट गेल्या, तेव्हा गोम उरलेल्या ९० मध्ये आहे हे ठरले. त्याही अर्ध्या केल्या. अशा रीतीने १८० ओळींतली एक दोषी ओळ जास्तीत जास्त ८ फेऱ्यांत सापडते. पथ्य एवढेच, की गेलेल्या ओळी पुन्हा पाठवू नयेत, नाहीतर दुबार नोंदी होतात. आमच्या दोषी ओळीत व्हॉट्सॲपवरून उचललेल्या नावामागे जोडलेल्या हातांचे इमोजी राहिले होते. ते काढताच ओळ गेली.

याचे बहुधा असणारे कारण मराठी वापरकर्त्याने जाणून घेण्यासारखे आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील ‘यूटीएफ८’ हा अक्षरे साठवण्याचा जुना प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट (साठवणुकीची छोटी एकके) देतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटांचे असते, म्हणून ते बसते. इमोजीला मात्र ४ बाइट लागतात. ४ बाइटांचा प्रकार २०१० मध्ये आला, तरी आधीची कोष्टके सगळीकडे बदललेली नाहीत. काही साधने तर लांबीची मर्यादाही बाइटांत मोजतात: ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात, आणि ५० बाइटांच्या रकान्यात असे दोन शब्दही मावत नाहीत. पीडीएफमधून चिकटवलेल्या नावात न दिसणारी चिन्हेही येतात. तेव्हा संशयित शब्द हाताने नव्याने टाइप करावा.

तरीही मार्ग निघाला नाही, तर तक्रार लिहावी; पण ‘साइट चालत नाही’ अशी नव्हे. ‘सकाळी ११.४२ वाजता, क्रोममध्ये, १२० ओळींची फाइल अपलोड केल्यावर ५०० आला. इन्कॉग्निटोमध्ये आणि हॉटस्पॉटवरही तेच. पहिल्या ६० ओळी जातात, ८७ वी ओळ जात नाही’ अशी तक्रार वाचणाऱ्याला सर्व्हरच्या नोंदवहीतली नेमकी जागा थेट काढता येते. समोरून ‘हार’ फाइल, म्हणजे ‘नेटवर्क’ भागातल्या नोंदींची जतन केलेली प्रत, मागितली, तर तिच्यात आपल्या चालू लॉगिनच्या कुकीज असू शकतात हे ध्यानात ठेवून ती फक्त अधिकृत मदतकक्षालाच द्यावी आणि पाठवल्यावर लगेच लॉगआउट करावे.