देणगीतला रुपया संस्थेपर्यंत आणि कामापर्यंत किती पोहोचतो, हे कसे तपासावे

शंभर रुपयांच्या देणगीपैकी कामावर किती खर्च होतात, असे विचारले की बहुतेक संस्थाचालक चटकन एक टक्केवारी सांगतात. या प्रश्नाचे टप्पे मात्र दोन आहेत. आपल्या खात्यातून निघालेली रक्कम संस्थेच्या खात्यात जमा होईपर्यंत किती कापली जाते, हा पहिला. आणि जमा झालेल्या रकमेतून प्रत्यक्ष कामाकडे किती वळते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणगीदाराच्याच हातात असते, दुसऱ्याचे संस्थेच्या हिशेबात असते आणि नाशिककरांना तो हिशेब गावातच पाहता येतो.

संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीने पैसे भरल्यास जानेवारी 2020 पासून त्यावर शुल्क लागत नाही. रेखांकित धनादेश तर जुनाच आणि भरवशाचा मार्ग आहे. कपात सुरू होते ती मध्यस्थ आल्यावर. समजा, निधी गोळा करून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने 5 टक्के सेवाशुल्क आणि 2 टक्के पेमेंट गेटवेचे शुल्क आकारले, तर 1,000 रुपयांवर 70 रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के दराने 12 रुपये 60 पैसे जीएसटी जाऊन संस्थेच्या हाती 917 रुपये 40 पैसे पडतात. काही संकेतस्थळे शुल्क शून्य असल्याचे सांगतात आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर ‘टिप’चा आकडा आधीच भरून ठेवतात. ती टिप संकेतस्थळाची असते, संस्थेची नव्हे, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी एकूण रक्कम एकदा वाचावी.

कॉलेज रोडवर किंवा मॉलच्या दाराशी हातात टॅब घेऊन दरमहा देणगीचा आग्रह करणारी तरुण मंडळी भेटली, तर ती संस्थेची कर्मचारी आहेत की निधी गोळा करणाऱ्या एजन्सीची, हे सरळ विचारावे. एजन्सीचा मोबदला संस्थेलाच द्यावा लागतो, आणि नोंदणीमागे ठरलेली रक्कम मोठी असेल तर आपले सुरुवातीचे काही हप्ते त्यातच जिरू शकतात. संस्था आवडली असेल तर तिचे नाव टिपून घ्यावे आणि घरी येऊन थेट तिच्या खात्यात पैसे भरावेत. त्या पोरांवर राग काढण्याचे मात्र कारण नाही. कालिदास कलामंदिरातील मदतनिधीच्या कार्यक्रमाचे तिकीट घेताना विचारायचा प्रश्न थोडा वेगळा आहे: संस्थेला जाणार ते तिकीटविक्रीचे सर्व उत्पन्न की नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांचे मानधन, ध्वनी आणि छपाईचा खर्च वजा जाता उरलेली शिल्लक?

आता संस्थेच्या आतला हिशेब. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाला ई किंवा एफ अशा अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो पावतीवर छापलेला असावा. हा क्रमांक घेऊन धर्मादाय सह आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात अर्ज केल्यास, ठरलेले शुल्क भरून न्यासाच्या लेखापरीक्षण अहवालाची पाहणी करता येते आणि प्रमाणित प्रत मिळवता येते. त्यापूर्वी संस्थेकडेच प्रत मागावी, कारण ती देताना संस्था कशी वागते यावरूनही पुष्कळ कळते. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि अहवाल तयार होऊन दाखल व्हायला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून ऑक्टोबरनंतर मागितलेली प्रत बहुधा ताजी असते.

अहवालात अनुसूची 9 म्हणजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता आधी उघडावा. खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरील खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क आणि घसारा यांच्या ओळी दिसतात आणि त्यांच्या खाली ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ हे शीर्षक धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण आणि इतर अशा पोटभागांसह येते. या शीर्षकाखालील बेरजेला एकूण उत्पन्नाने भागले की आपल्याला हवा असलेला आकडा मिळतो, मात्र तो एका वर्षाचा घेऊन निष्कर्ष काढू नये, सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. रुग्णवाहिका किंवा इमारत घेतली असेल तर तो पैसा येथे न दिसता अनुसूची 8 म्हणजे ताळेबंदात दिसेल. कायम निधीसाठी दिलेली देणगीही तेथेच जाते आणि वर्षाच्या उत्पन्नात धरली जात नाही. ताळेबंदातील मुदतठेवी वर्षानुवर्षे फुगत असतील आणि उद्दिष्टांवरील खर्च जागच्या जागी असेल, तर त्या ठेवी कशासाठी राखल्या आहेत, हे लेखी विचारावे.

आस्थापना खर्च जास्त दिसला की संस्था उधळी ठरवण्याची घाई होते. माझ्या मते ही घाई चुकीची आहे, कारण पाड्यावरच्या शाळेतील शिक्षिकेचा किंवा फिरत्या दवाखान्यातील परिचारिकेचा पगार हेच तर काम असते, आणि काही लेखापाल तो उद्दिष्टांवरील खर्चात न धरता आस्थापनेत टाकतात. उलट, ‘आम्ही 85 टक्के रक्कम खर्च करतो’ या विधानाने हुरळूनही जाऊ नये. आयकर सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी 85 टक्के धर्मादाय हेतूंसाठी वापरण्याची जी अट आहे, तिच्यात पगार, भाडे आणि कार्यालयीन खर्चही धरले जातात. प्रशासकीय खर्चावर कायद्याने घातलेली 20 टक्क्यांची मर्यादा केवळ परदेशी देणग्यांपुरती आहे. 2020 च्या दुरुस्तीपूर्वी ती 50 टक्के होती.

पावतीचे थोडक्यात सांगायचे, तर देणगीवरील आयकर वजावटीसाठी (1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80जी) 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगी चालत नाही. आर्थिक वर्ष 2021-22 पासून संस्थांनी देणगीदारांचे तपशील आयकर विभागाला कळवून 10बीई नमुन्यातील प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्यावरची रक्कम आपण भरलेल्या रकमेशी जुळते का, हे पाहण्यासारखी सोपी पडताळणी दुसरी नाही.

गणेशोत्सवाच्या वर्गणीला हे सारे लागू होत नाही, कारण बरीच मंडळे नोंदणीकृत न्यास नसतात. त्यांनी वर्गणी गोळा करण्यासाठी त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खालील परवानगी घेतलेली असावी आणि ती दाखवा म्हणण्यात संकोच नको. 2026-27 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने अन्नछत्रांच्या नावाने पावतीपुस्तके फिरताना दिसली, तर तेथेही आधी परवानगी किंवा नोंदणी क्रमांक आणि संस्थेच्याच नावाचे बँक खाते मागावे. कोणाच्या वैयक्तिक क्रमांकाचा क्यूआर कोड पुढे केला गेला, तर पैसे भरू नयेत. अन्नछत्र खरोखर चालू असेल तर तांदळाचे पोते किंवा तेलाचा डबा थेट तेथे पोहोचवता येतो आणि त्याचीही पावती घेता येते.